मोटारसायकलच्या हँडलचा कोनसेट घरच्या घरी कसा बदलावा?

शेतकऱ्याच्या घरी मोटारसायकल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. १९८५ मध्ये हीरो होंडाची सीडी १०० आणि १९९४ मध्ये स्प्लेंडर बाजारात आली. कमी पेट्रोलमध्ये जास्त अंतर जाणाऱ्या या गाड्या पुढे गावोगावी पोचल्या आणि बंडीची बरीच कामे त्यांनी आपल्या अंगावर घेतली. नागपूर जिल्ह्यातील कुही तालुक्याचेच उदाहरण घ्या. सकाळी दुधाच्या कॅना, दुपारी फवारणीचा पंप व औषधाचे डबे, संध्याकाळी गुरांसाठी चाऱ्याचा भारा आणि हंगामात मांढळच्या बाजारात मिरचीची पोती, असे सर्व ओझे मोटारसायकलवरून जाते. गोसीखुर्द प्रकल्पामुळे ज्यांचे गावठाण हलले, त्यांपैकी अनेकांना उरलेल्या वावरापर्यंत जाण्यासाठी रोज लांबचा फेरा पडतो. अशा कुटुंबाची गाडी चार दिवस बंद पडली तर चार दिवसांचे काम अडते.

असे असूनही गाडीच्या देखभालीत आपण ऑइल, चेन व ब्रेक यांपलीकडे सहसा जात नाही. हँडल ज्या छऱ्यांवर फिरते त्या भागाकडे तर गाडी डगमगू लागेपर्यंत लक्ष जात नाही. या भागाला गॅरेजमध्ये 'कोनसेट' म्हणतात. तो झिजला की गाडी सरळ चालत नाही, खड्ड्यात हँडल हिसका देते आणि भरधाव गाडीचे पुढचे चाक थरथरू लागते. मागे वजन आणि घरचे माणूस बसलेले असताना असे घडले तर जिवावर बेतू शकते. म्हणून कोनसेटची झीज कशी ओळखावी आणि तो घरच्या घरी कसा बदलावा, याची माहिती या लेखात दिली आहे.

कोनसेट म्हणजे काय?

चेसिसच्या अगदी पुढच्या टोकाला एक आखूड, किंचित तिरपी नळी असते. पुढचे दोन्ही शॉकअप ज्या भागात बसतात त्याला 'टी' म्हणतात. या टीचा दांडा खालून वर त्या नळीतून जातो. नळीच्या वरच्या व खालच्या तोंडात एकेक पोलादी कटोरी घट्ट बसवलेली असते. दांड्यावर खाली एक कोन घट्ट बसवलेला असतो आणि वरचा कोन आट्याच्या नटाने दाबलेला असतो. कटोरी व कोन यांच्यामध्ये छर्रे असतात. काही गाड्यांत छर्रे सुटे असतात, तर काहींत ते पत्र्याच्या पिंजऱ्यात बसवलेले असतात. काही गाड्यांत छऱ्यांऐवजी निमुळत्या रोलरचे बेअरिंग असते. प्रस्तुत लेखातील कृती मुख्यतः छऱ्यांच्या कोनसेटसाठी आहे.

तो झिजतो कसा?

बंडीच्या चाकाचे बेअरिंग सतत पूर्ण फिरते, त्यामुळे त्यातील वंगणही फिरत राहते. हँडलचे तसे नसते. आपण बहुतेक वेळ सरळ जातो, त्यामुळे छर्रे कटोरीत त्याच त्या जागी उभे असतात. पांधणीतील प्रत्येक खड्ड्याचा मार त्याच ठिकाणी बसतो. तेथील ग्रीस बाजूला सरकते, धातूवर धातू घासतो आणि छऱ्यांच्या खाली बारीक बारीक खळगे पडतात. पुढे छर्रे त्या खळग्यांतच बसू लागतात व हँडल सरळ स्थितीत 'अडकल्यासारखे' वाटते.

शेतकऱ्याच्या गाडीत ही झीज लवकर होण्याची तीन कारणे आहेत. पहिले, टाकीवर व हँडलला लटकवलेले वजन. दुसरे, काळ्या जमिनीतील चाकोऱ्या, ज्या वाळल्यावर दगडासारख्या टणक होतात. तिसरे कारण पाणी. मोटारपंपाच्या जोराच्या धारेने गाडी धुताना किंवा नाल्यातून गाडी नेताना पाणी खालच्या कटोरीत शिरते, ग्रीस धुऊन जाते आणि गंज चढतो. म्हणून खालची कटोरी बहुधा वरच्यापेक्षा आधी खराब होते.

झीज कशी ओळखावी?

गाडी मधल्या स्टँडवर लावावी. इंजिनखाली लाकडी ठोकळा देऊन पुढचे चाक जमिनीपासून चार बोटे उचलावे. नंतर पुढील तपासण्या कराव्यात.

१) हँडल दोन बोटांनी अगदी हळू डावीकडून उजवीकडे फिरवावे. मध्यभागी खाचेत पडल्यासारखे वाटले तर कटोरीत खळगे पडले आहेत असे समजावे. हा दोष नट सैल वा घट्ट करून जात नाही. सेट बदलावाच लागतो.

२) चाकासमोर बसून दोन्ही शॉकअपची खालची टोके धरावीत आणि पुढे-मागे ढकलावीत. 'खट खट' असा आवाज आला किंवा ढिलाई जाणवली तर कोनसेट सैल आहे. त्या वेळी दुसऱ्या माणसाने नळी आणि टी यांच्या सांध्यावर बोट ठेवावे. हालचाल तेथे जाणवली तरच दोष कोनसेटचा आहे. शॉकअपच्या वरच्या व खालच्या नळीत हालचाल असेल तर शॉकअपचे बुश झिजलेले असतात.

३) चाक वरच्या व खालच्या बाजूला दोन हातांनी धरून आडवे हलवावे. येथे ढिलाई असेल तर चाकाचे बेअरिंग पाहावे.

४) हँडल फिरवताना रेती भरल्यासारखी करकर जाणवत असेल तर आत गंज किंवा माती आहे.

गाडी डगमगण्याचे कारण नेहमी कोनसेटच असते असे नाही. टायरमधील कमी हवा, एक्सलचा सैल नट, वाकडा शॉकअप किंवा मागच्या चिमट्याचे झिजलेले बुश यांमुळेही तसेच होते. आधी हे सर्व पाहावे. केवळ ढिलाई असेल, खाच व करकर नसेल, तर नवीन सेट न टाकता नट नीट लावून व ग्रीस भरूनही काम भागते.

काम केव्हा करावे?

मृग लागण्यापूर्वीचा काळ यासाठी उत्तम. वावरातील कामांचा ताण त्या वेळी कमी असतो आणि नवीन ग्रीस भरलेली गाडी पावसाळ्याला सामोरी जाते. पहिल्यांदा करणाऱ्याने पूर्ण दिवस हाताशी ठेवावा, सकाळीच सुरुवात करावी आणि एक मदतनीस घ्यावा. जागा सपाट व फरशीची असावी. मातीच्या अंगणात करावयाचे झाल्यास खाली ताडपत्री अंथरावी, म्हणजे पडलेले छर्रे हरवत नाहीत.

लागणारे साहित्य

आपल्या गाडीच्या मॉडेलचा व वर्षाचा कोनसेट, म्हणजे दोन कटोऱ्या, दोन कोन, छर्रे आणि खालचे धूळरोधक रबर; पान्यांचा संच व ॲलन की; कोनाच्या नटासाठी हुकपाना; हातोडी, लांब लोखंडी सळई व छिन्नी; लिथियमचे मल्टिपर्पज ग्रीस; रॉकेल किंवा डिझेल, ब्रश व चिंध्या; बांधण्यासाठी तार; डोळ्यांसाठी चष्मा. याशिवाय पूर्ण लांबीत आटे असलेली एक जाड सळई, दोन नट व मोठे जाड वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून आणावेत. नवीन कटोऱ्या बसवण्यासाठी त्यांचा फार उपयोग होतो.

सेट घेताना जुन्या गाडीचे नाव सांगून थांबू नये. एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार माप बदललेले असू शकते. शक्य असल्यास गाडीचा चेसिस नंबर दाखवून अस्सल भाग घ्यावा. फक्त छर्रे बदलून जुन्या कटोऱ्या तशाच ठेवणे म्हणजे पैसे वाया घालवणे होय. खळगे कटोरीत असतात, म्हणून कटोरी, कोन व छर्रे एकत्रच बदलावेत.

खोलण्याची कृती

१) बॅटरीची ऋण तार काढून ठेवावी. प्रत्येक टप्प्यावर केबल व वायर कशा गेल्या आहेत याचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. १ एप्रिल २०१९ पासून नवीन गाड्यांना १२५ सीसीपर्यंत जोड-ब्रेक अथवा एबीएस आणि त्यापुढे एबीएस सक्तीचे झाले. त्यामुळे अलीकडच्या गाड्यांच्या पुढच्या भागात केबल किंवा वायर जास्त असतात.

२) एक्सलचा नट गाडी जमिनीवर असतानाच सैल करावा. नंतर गाडी उचलून मागचा कॅरियर दोरीने खाली बांधावा. पुढचा भाग काढल्यावर गाडी कोणत्याही बाजूला कलता कामा नये. गाडी हलवून खात्री झाल्यावरच पुढे जावे.

३) मीटरची केबल व ब्रेकची केबल सोडून चाक काढावे. डिस्क ब्रेक असल्यास कॅलिपर तारेने बांधून ठेवावे, नळीवर लोंबकळत ठेवू नये. पॅडच्या मध्ये लाकडाची चिपटी घालावी आणि चाक बाहेर असताना ब्रेकचा दांडा अजिबात दाबू नये.

४) मडगार्ड व हेडलाइट काढावे. टाकीवर जाड गोधडी टाकून हँडल त्यावर मागे ठेवावे. ब्रेक ऑइलची डबी उभीच राहील याची काळजी घ्यावी. हे ऑइल सांडल्यास टाकीचा रंग जातो.

५) मधला मोठा नट प्रथम सैल करावा. शॉकअप जागेवर असताना तो सहज सुटतो. मग टीचे बोल्ट सैल करून दोन्ही शॉकअप फिरवत खाली ओढून काढावेत व डावा-उजवा अशी खूण करावी.

६) मोठा नट, वॉशर व वरची पट्टी काढावी. आता खाली परात ठेवावी. मदतनीसाने टी खालून हाताने वर दाबून धरावी आणि आपण हुकपान्याने कोनाचा नट सोडावा. वरचा कोन काढून तेथील छर्रे गोळा करावेत, मग टी सावकाश खाली घ्यावी. वरचे व खालचे छर्रे वेगवेगळ्या वाट्यांत ठेवून मोजावेत आणि संख्या लिहून ठेवावी. काही गाड्यांत वर व खाली छऱ्यांची संख्या किंवा माप वेगळे असते.

जुन्या कटोऱ्या व कोन काढणे

सर्व भाग रॉकेलने धुऊन पुसावेत. जवळ बिडी, चूल वा दिवा नसावा. कटोरीच्या वाटेवर पेनचे टोक फिरवून पाहावे. खळगे नजरेला दिसले नाहीत तरी टोकाला लागतात.

खालची कटोरी काढण्यासाठी सळई वरून नळीत घालावी व कटोरीच्या आतल्या कडेवर टेकवावी. एक ठोका एका बाजूला, दुसरा समोरच्या बाजूला असे आलटून-पालटून मारावेत. एकाच बाजूने मारल्यास कटोरी तिरपी होऊन नळीचे तोंड खराब करते. वरची कटोरी याच रीतीने खालून काढावी. कटोरीचे पोलाद कडक असते व त्याचा कपचा डोळ्यात उडू शकतो, म्हणून चष्मा लावल्याशिवाय हातोडी उचलू नये.

टीवरचा खालचा कोन दोन्ही बाजूंनी छिन्नी लावून हळूहळू वर उचलावा. दांड्याला किंवा आट्यांना छिन्नी लागू देऊ नये.

नवीन सेट बसवणे

नळीची तोंडे स्वच्छ करून तेलाचा हात लावावा. दोन्ही कटोऱ्या तोंडावर सरळ ठेवाव्यात. आट्यांची सळई नळीतून आरपार घालून दोन्ही बाजूंना वॉशर व नट लावावेत आणि एक नट धरून दुसरा सावकाश आवळावा. वॉशर कटोरीच्या बाहेरच्या कडेवर टेकला पाहिजे, छर्रे फिरतात त्या वाटेवर नव्हे. कटोरी पूर्ण बसल्यावर पाना एकदम जड होतो. कडेखाली पातळ कागदही जात नाही ना, हे चारही बाजूंनी पाहावे. कटोरी थोडी जरी वर राहिली तर ती पुढे चालताना बसते आणि हँडल सैल पडते.

खालच्या कोनाआधी धूळरोधक रबर दांड्यावर घालण्यास विसरू नये. कोन उकळत्या पाण्यात काही मिनिटे ठेवून, चिमट्याने काढून, पुसून दांड्यावर टाकल्यास सहज उतरतो. राहिलेले अंतर योग्य मापाचा पाइप कोनाच्या आतल्या कडेवर ठेवून ठोकावे. बसलेल्या कोनावर आवाज भरीव येतो.

आता कटोऱ्यांत ग्रीस भरावे. येथे कंजुषी करू नये. खालचे छर्रे ग्रीसमध्ये चिकटवून कोनावर आणि वरचे वरच्या कटोरीत लावावेत. संख्या जुन्या संख्येशी व सेटमधील संख्येशी जुळवून पाहावी. गोल पूर्ण झाल्यावर थोडी मोकळी जागा राहते, ती योग्यच असते. तेथे जास्तीचा छर्रा दाबून बसवू नये. टी सरळ वर न्यावी, एकही छर्रा घसरला नाही हे पाहावे आणि वरचा कोन व नट हाताने लावावा. शेवटी वाटीत एकही नवीन छर्रा शिल्लक राहता कामा नये.

नट किती आवळावा?

या कामाचे सर्व यश येथेच आहे. नट सैल राहिला तर छर्रे आपटून नवीन कटोरी थोड्याच दिवसांत खराब होते. फार घट्ट झाला तर हँडल जड होते, गाडी एका बाजूला ओढते व सरळ रेषेत धरून ठेवणे कठीण जाते.

हुकपान्याने नट बेताचा आवळावा. टी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा वेळा फिरवावी, म्हणजे छर्रे आपली जागा घेतात. पुन्हा आवळावा. मग नट सुमारे एक अष्टमांश फेरा, म्हणजे घड्याळाचा तासकाटा बारावरून दीडवर येतो तेवढा, उलट फिरवावा. टी ढिलाईशिवाय व अडथळ्याशिवाय फिरली पाहिजे. गाडीच्या पुस्तिकेत वेगळी रीत किंवा माप दिले असेल तर तेच पाळावे. रोलरचे बेअरिंग असल्यास पुस्तिका पाहिल्याशिवाय नट लावू नये.

नंतर शॉकअप घालावेत, दोन्ही वर सारख्या उंचीवर येऊ द्यावेत आणि वरची पट्टी बसवावी. प्रथम मधला मोठा नट पक्का आवळावा, त्यानंतरच टीचे बोल्ट आवळावेत. मोठा नट आवळल्याने कोनावरचा दाब थोडा वाढतो, म्हणून हँडल पुन्हा फिरवून पाहावे आणि गरज भासल्यास नट पुन्हा जुळवावा. दोन वेळा जुळवावे लागले तरी कंटाळू नये.

गाडी रस्त्यावर काढण्यापूर्वी

चाक, ब्रेक, मडगार्ड, हँडल व दिवे जोडून बॅटरीची तार लावावी. ब्रेकचा दांडा काही वेळा दाबून ब्रेक कडक लागतो हे पाहावे. डिस्कला किंवा ब्रेक शूला ग्रीस लागलेले नसावे. इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना फिरवावे. फिरवताना इंजिनचा वेग वाढला तर रेसची केबल ताणली जात आहे. तशी गाडी चालवू नये, केबलचा मार्ग सुधारावा.

पहिली फेरी रिकाम्या गाडीने, कमी वेगात व मोकळ्या रस्त्यावर करावी. साधारण २०० किलोमीटरनंतर वर दिलेली ढिलाईची तपासणी पुन्हा करावी. नवीन कटोऱ्या थोड्या बसतात, त्यामुळे नट एकदा जुळवावा लागण्याची शक्यता असते. कुहीहून नागपूरला दोन-तीन वेळा जाऊन येण्यातच एवढे अंतर होते, म्हणून ही तपासणी लांबणीवर टाकू नये.

घरी करू नये असे काही

अपघातात टी वा शॉकअप वाकले असतील, नळीचे तोंड मोठे होऊन कटोरी हाताने बसत असेल, दांड्याचे आटे झिजले असतील किंवा नळीजवळ चेसिसला चीर दिसत असेल, तर काम तेथेच थांबवून गाडी जाणकार कारागिराकडे न्यावी. कटोरीखाली पत्रा घालून किंवा पंचाने टोचे मारून ती घट्ट करण्याचा उपाय करू नये. असा सांधा भर वेगात सुटू शकतो.

चालत्या गाडीचे हँडल कधी थरथरू लागले तर जोराने ब्रेक मारू नये. हँडल घट्ट पण न झगडता धरावे, रेस हळूहळू कमी करावी आणि गाडीचा वेग आपोआप उतरू द्यावा. थांबल्यावर वजन उतरवून कारण शोधावे.

नवीन कोनसेट टिकवण्यासाठी

१) हँडलला कॅना वा पिशव्या लटकवू नयेत. वजन मागे, शक्य तितके खाली व दोन्ही बाजूंना सारखे बांधावे.
२) पाण्याची जोराची धार हँडलखालच्या सांध्यावर मारू नये.
३) टायरमधील हवा दर आठवड्याला पाहावी.
४) दर दोन महिन्यांनी चाक उचलून ढिलाई व खाच तपासावी.
५) वर्षातून एकदा, पावसाळा संपल्यावर, कोनसेट उघडून धुवावा व ताजे ग्रीस भरावे. ज्यांची गाडी वारंवार पाण्यातून जाते त्यांनी हे टाळू नये.
६) काढलेले जुने ग्रीस व रॉकेल विहिरीजवळ, गोठ्यात किंवा धुऱ्यावर टाकू नये. डब्यात भरून गॅरेजच्या जुन्या तेलाबरोबर द्यावे.

बंडीचा आख कोरडा पडला की तो करकरून सांगतो. मोटारसायकलचा कोनसेट मात्र इंजिनच्या आवाजात बराच काळ गप्प राहतो. त्याची विचारपूस मालकानेच करावी लागते. येत्या बाजाराच्या दिवशी गाडीवर पोती बांधण्यापूर्वी पुढचे चाक उचलून हँडल एकदा सावकाश फिरवून पाहावे. पाच मिनिटांच्या या तपासणीने मागे बसणाऱ्या आपल्या माणसाचा जीव सुरक्षित राहतो आणि ऐन हंगामात गाडीही बंद पडत नाही.